फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी प्रोग्रॅम ‘सापडत नाही’ म्हणतो: पाथ आणि आर्ग्युमेंटच्या तक्रारींचा छडा

“सर, फाइल आहे की हो इथं, समोरच दिसतीय. तुमचा प्रोग्रॅम मात्र नाही म्हणतोय.”

दस्तलेखकांची ऑफिसं, सहकारी सोसायट्या, झेरॉक्स आणि डीटीपीची दुकानं, बेळगावच्या उद्यमबागेतले छोटे कारखाने अशा ठिकाणी डेस्कटॉप प्रोग्रॅम करून देणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा फोन येतोच. तक्रारीचं रूप दर वेळी थोडं बदलतं. प्रोग्रॅम आधी उघडून आतून फाइल निवडली तर चालतं, पण फाइलवर डबल क्लिक केला तर चालत नाही. काउंटरवरच्या मशीनवर चालतं, साहेबांच्या मशीनवर नाही. काल चालत होतं, आज त्याच फोल्डरमधली दुसरी फाइल उघडत नाही.

आपल्या सीमाभागात हे जास्त घडतं, आणि त्याला कारण आहे. एकाच खातेदाराचं नाव सरकारी कागदावर कन्नडमध्ये असतं, खातेदार स्वतः ते मराठीत सांगतो आणि ऑपरेटर कधी मराठीत, कधी इंग्रजीत टाइप करतो. त्यात सर्व्हे नंबरातली तिरकी रेघ, ‘ग्रा. पं.’मधली टिंबं, पेढीच्या नावातलं ‘&’ चिन्ह. असं नाव प्रोग्रॅमपर्यंत जसंच्या तसं पोचायला वाटेत बऱ्याच जागा पार कराव्या लागतात.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय सांगतात: नावं इंग्रजीत करा, मधली स्पेस काढा. हा उपाय मला मान्य नाही. फाइलचं नाव ही त्या ऑफिसची सोय आहे. कागद शोधायला आलेला माणूस ज्या नावानं विचारतो, त्याच नावानं तो सापडला पाहिजे. शिवाय नावं बदलली की जुन्या नोंदवह्यांतले आणि एक्सेलमधले दुवे तुटतात, आणि महिनाभरात कोणीतरी पुन्हा मराठीत नाव देतंच. दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये झाली पाहिजे, आणि ती होते.

आधी बघा, प्रोग्रॅमला मिळालं काय

अंदाजानं कोड बदलायला सुरुवात करू नका. एक्सप्लोररमध्ये डबल क्लिक केल्यावर विंडोज रजिस्ट्रीत (सिस्टिमची सेटिंगं जिथे साठवलेली असतात तिथे) त्या प्रकारच्या फाइलसाठी ठरवून ठेवलेला कमांड शोधतं, त्यातल्या %1 च्या जागी फाइलचा पाथ, म्हणजे ड्राइव्ह आणि फोल्डरांसकट पूर्ण पत्ता, भरतं आणि तयार झालेली एक लांबलचक ओळ प्रोग्रॅमच्या हाती देतं. एकच ओळ. तिचे तुकडे करून आर्ग्युमेंटची, म्हणजे प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणाऱ्या माहितीची, यादी बनवण्याचं काम प्रोग्रॅमच्या आत, त्या भाषेच्या रनटाइममध्ये (सोबत येणाऱ्या आधाराच्या कोडमध्ये) होतं. लिनक्समध्ये तसं नाही. तिथे सुरू करणारा प्रोग्रॅमच वेगवेगळे केलेले तुकडे यादी म्हणून देतो. म्हणून लिनक्सवर नीट चाललेला कोड विंडोजवर अडखळतो, आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा वाद सुरू होतो. मॅकवर फाइंडरमधून उघडलेली फाइल तर आर्ग्युमेंट म्हणून येतच नाही. तिथे सिस्टिम चालू प्रोग्रॅमला वेगळा संदेश पाठवते आणि तो ऐकण्याची सोय कोडमध्ये करावी लागते.

तेव्हा प्रोग्रॅम सुरू होताच चार गोष्टी एका फाइलमध्ये लिहून ठेवा: अख्खी कमांड लाइन जशी आली तशी, प्रत्येक आर्ग्युमेंट चौकटी कंसात, चालू फोल्डर, आणि प्रोग्रॅम स्वतः कुठून चालतोय तो पाथ. चौकटी कंस अशासाठी, की शेवटी चिकटलेली स्पेस किंवा उरलेलं अवतरणचिन्ह एरवी दिसत नाही. हे कन्सोलवर छापू नका. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये देवनागरी चौकोन होऊन दिसते, आणि आत अक्षरं बरोबर असूनही बिघडली आहेत असं वाटतं. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची नेहमीची पद्धत) मध्ये फाइल लिहा, तीही वापरणाऱ्याच्या ॲप डेटा फोल्डरमध्ये, कारण प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी साध्या खात्याला नसते. काम झालं की ही नोंद बंद करा. त्यात लोकांची नावं आणि जमिनीचे तपशील असतात.

ही नोंद हातात आली की पुढचं सगळं सोपं आहे.

पाथचे तुकडे झालेले दिसले तर

नोंदीत असं दिसतं:

[डी:\उतारे\खानापूर]
[तालुका\जांबोटी.पीडीएफ]

म्हणजे ‘खानापूर तालुका’मधल्या स्पेसवर पाथ तुटला. रजिस्ट्रीतला कमांड बघा. तिथे %1 नुसतं असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्हं हवीत. पूर्ण ओळ अशी दिसली पाहिजे:

"सी:\प्रोग्रॅम फाइल्स\उतारा\उतारा.ईएक्सई" "%1"

सुरुवातीच्या, प्रोग्रॅमच्या पाथलाही अवतरणचिन्हं का, असं काही जण विचारतात. ती नसतील तर विंडोज स्पेसपर्यंतचा भाग हाच प्रोग्रॅम समजून आधी सी ड्राइव्हवर ‘प्रोग्रॅम.ईएक्सई’ शोधतं. त्या नावाची फाइल कोणी तिथे ठेवली, तर आपल्याऐवजी तीच चालेल. ही सुरक्षेची बाब आहे, नुसत्या टापटिपीची नाही.

तुटलेले तुकडे प्रोग्रॅममध्ये स्पेस घालून परत जोडण्याची युक्ती काही जुन्या कोडमध्ये दिसते. ती काढून टाका. नावात लागोपाठ दोन स्पेस असल्या की ती फसते, आणि दोन फाइली एकत्र आल्या की दोन्हींचा मिळून एकच पाथ होतो.

याच घरातला, पण ओळखायला अवघड असा एक बिघाड आहे. फोल्डरचा पाथ द्यायचा असतो आणि कोणीतरी तो असा देतं:

"डी:\उतारे\निपाणी\" /छपाई

नोंदीत मात्र एकच आर्ग्युमेंट दिसतं आणि त्यात मधोमध अवतरणचिन्ह: [डी:\उतारे\निपाणी" /छपाई]. विंडोजवरच्या सी रनटाइमचा नियम असा, की उलटी रेघ एरवी साधं अक्षर असते, पण अवतरणचिन्हाच्या लगेच आधी आली की त्या चिन्हाचा बंद करण्याचा अर्थ काढून घेते. म्हणून ‘निपाणी’नंतरचं अवतरण बंद झालंच नाही. शेवटची उलटी रेघ काढा किंवा दोनदा लिहा. तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला चालवत असेल, तर अशी ओळ हातानं जुळवूच नका. पायथॉनमध्ये सबप्रोसेसला यादी द्या, डॉटनेटच्या नव्या आवृत्त्यांत आर्ग्युमेंट लिस्ट वापरा. अवतरणं कुठे लावायची ते त्यांना ठाऊक आहे.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

[डी:\?????\????????.पीडीएफ]

हे दिसलं की लोक फॉन्टला दोष देतात आणि नवा फॉन्ट टाकतात. फॉन्टचा इथे काही संबंध नाही. विंडोज आतून सगळी नावं युनिकोडमध्येच ठेवतं. पण प्रोग्रॅमनं जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एएनएसआय फंक्शननं कमांड लाइन मागितली, तर विंडोज ती त्या मशीनच्या कोड पेजमध्ये, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यात, बदलून देतं. आपल्याकडच्या मशीनवर ते सहसा १२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपच्या लिपींचं. मराठी, हिंदी, कन्नड यांच्यासाठी सिस्टिमचं म्हणून असं एएनएसआय कोड पेज विंडोजमध्ये नाहीच. मग न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. विंडोजवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, त्यामुळे असा पाथ सापडणं शक्यच नसतं. एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत मिळत नाही. प्रोग्रॅमच्या आत पुढे कितीही रूपांतरं केली तरी उपयोग नाही.

उपाय तुमच्या हातात काय आहे त्यावर ठरतो. सी किंवा सी++ मधला कोड असेल, तर रुंद अक्षरांची फंक्शनं वापरा, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी डब्ल्यू असतो ती. सगळा कोड बदलणं झेपणारं नसेल, तर विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याच्याबद्दलची माहिती विंडोजला सांगणाऱ्या नोंदीत) कोड पेज यूटीएफ-८ आहे असं जाहीर करता येतं. तेवढ्यानं जुनी फंक्शनंही मराठी आणि कन्नड नावं नीट देतात. पायथॉन २ मध्ये लिहिलेलं काही अजून चालू असेल, तर तिथे आर्ग्युमेंट एएनएसआयमधूनच येतात. पायथॉन ३ वर जाणं हाच खरा मार्ग.

प्रोग्रॅमचा सोर्स कोणाकडेच उरला नसेल, तर एक तात्पुरती वाट आहे. विंडोज काही ड्राइव्हवर प्रत्येक फाइलचं आठ अधिक तीन अक्षरांचं आखूड इंग्रजी नावही ठेवतं. एक छोटा मधला प्रोग्रॅम लिहून त्यानं पूर्ण पाथ घ्यायचा, आखूड पाथ विचारायचा आणि तो जुन्या प्रोग्रॅमला द्यायचा. ही सोय प्रत्येक ड्राइव्हवर चालू असतेच असं नाही, म्हणून आधी त्या ऑफिसच्या मशीनवर तपासा.

कंट्रोल पॅनेलमध्ये सगळ्या सिस्टिमला यूटीएफ-८ करण्याचा एक बीटा पर्याय दिसतो. ऑफिसच्या मशीनवर तो लावू नका. आपला प्रोग्रॅम चालेल, पण बाजूच्या एखाद्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅममधली अक्षरं बिघडतील, आणि ते कशामुळे झालं हे कोणाला कळणार नाही.

नाव तंतोतंत तेच दिसतं, तरी सापडत नाही

हा भाग खास मराठीचा आहे. पाथ तुटलेला नाही, प्रश्नचिन्हं नाहीत, नोंदीतलं नाव आणि फोल्डरमधलं नाव अगदी सारखं. तरी फाइल नाही.

शेतकऱ्यांची यादी
शेतकर्‍यांची यादी

या दोन ओळी छापल्यावर एकसारख्या दिसतात. आत त्या वेगळ्या आहेत. पहिलीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा ‘र’, म्हणजे ०९३०, त्याला हलन्त, आणि पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं चिन्ह). मराठीतला हा अर्धा ‘र’ लिहिण्याच्या दोन्ही पद्धती वापरात आहेत. कोणता कीबोर्ड कोणती पद्धत वापरतो, हे ऑपरेटरला माहीत असायचं कारण नाही. दुकानातल्या एका मशीनवर एक कीबोर्ड, दुसऱ्यावर दुसरा, आणि मोबाइलवरून आलेल्या फाइलीत आणखी तिसरा. शेतकरी, कर्मचारी, अधिकारी, व्यापारी, सगळ्यांना प्रत्यय लागला की हा ‘र’ येतो. ऑफिसातल्या निम्म्या फोल्डरांची नावं याच शब्दांवरून पडलेली असतात.

एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम नावांची अशी जुळवाजुळव करत नाही. तिच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली आहेत, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याचा नियम) ‘र’ला नुक्ता जोडून लिहिलेला ‘ऱ’ आणि एकसंध ‘ऱ’ यांना एक करतं, पण जॉइनरवालं रूप त्यात येत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.

करताना एक गोष्ट सांभाळा. डबल क्लिकमधून आलेला पाथ कधीही ‘सुधारू’ नका. एक्सप्लोररनं जो दिला तोच डिस्कवर आहे, तो जसाच्या तसा उघडायचा. जुळवणी फक्त तिथे करायची, जिथे नाव माणसानं टाइप केलंय किंवा डेटाबेसमधून आलंय. तिथेही नाव बदलून थेट फाइल उघडायला जाऊ नका. फोल्डरमधली यादी वाचा, यादीतलं प्रत्येक नाव आणि हवं असलेलं नाव दोन्ही एका रूपात आणून ताडून बघा, आणि जुळलेल्या फाइलचं डिस्कवरचं मूळ नाव वापरा.

टिंब, तिरकी रेघ आणि ‘&’

‘ग्रा. पं. उतारा ४२’ असं नाव प्रोग्रॅमनं नोंदीवरून बनवलं आणि त्याला पीडीएफचं एक्स्टेन्शन लावायला सांगितलं. पायथॉनच्या पाथलिबमधलं एक्स्टेन्शन बदलणारं फंक्शन वापरलं, तर ते शेवटच्या टिंबापासून पुढचं सगळं जुनं एक्स्टेन्शन समजून काढून टाकतं. उरतं ‘ग्रा. पं.पीडीएफ’. पुढचा उतारा ४३, त्याचंही तेच नाव, आणि तो आधीच्यावर लिहिला जातो. चूक कुठेच दिसत नाही, प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही, आणि ढीगभर उताऱ्यांतला शेवटचा एकच उरतो. इतर भाषांतही अशी फंक्शनं आहेत. एक्स्टेन्शन जोडायचं असेल, तर नावाच्या शेवटी सरळ जोडा. बदलायचं फंक्शन फक्त आधीपासून एक्स्टेन्शन असलेल्या नावालाच वापरा.

फोल्डरच्या नावाच्या शेवटी टिंब असेल, तर विंडोज ते गुपचूप काढतं. ‘ग्रा. पं.’ असं फोल्डर बनवायला सांगितलं की डिस्कवर ‘ग्रा. पं’ होतं. उघडताना काही अडत नाही, कारण तिथेही टिंब गळतं. पण यादीत नाव शोधलं की जुळत नाही. फोल्डर बनवण्याआधी ते टिंब आपणच काढलेलं बरं.

सर्व्हे नंबर १२४/२अ हा फाइलच्या नावात तसाच जाऊ शकत नाही. विंडोजची फंक्शनं उलट्या रेघेसारखीच तिरकी रेघही फोल्डर वेगळं करणारी समजतात, म्हणजे ‘१२४’ नावाच्या फोल्डरात ‘२अ’ शोधलं जातं. तिच्यासारखं दिसणारं दुसरं युनिकोड चिन्ह वापरण्याची सूचना काही जण करतात. मी त्याच्या विरोधात आहे. ते चिन्ह कोणाच्याही कीबोर्डवर नसतं, त्यामुळे ती फाइल शोधून सापडणार नाही. आडवी रेघ घाला, आणि खरा नंबर डेटाबेसमध्ये जसाच्या तसा ठेवा. फाइलच्या नावावरून नंबर परत काढायची वेळ येऊ देऊ नका. ‘१२४-२’ हा हिस्सा आहे की दोन नंबरांमधली व्याप्ती, ते नावावरून कळत नाही.

‘पाटील&सन्स’चा त्रास बॅच फाइलमध्ये, म्हणजे एकामागून एक चालवायच्या कमांडांच्या फाइलमध्ये, होतो. एक्सप्लोररमधून फाइल ओढून बॅच फाइलवर सोडली, तर पाथमध्ये स्पेस असेल तरच त्याला अवतरणचिन्हं मिळतात. स्पेस नाही आणि ‘&’ आहे, म्हणजे ‘&’पाशी एक कमांड संपतो आणि ‘सन्स’ नावाचा दुसरा कमांड सुरू होतो. बॅच फाइलच्या आत "%~1" असं लिहायची सवय ठेवा, ती चांगलीच आहे, पण या ठिकाणी बिघाड त्याच्या आधीच झालेला असतो. असं काम बॅच फाइलवर न सोपवता छोट्या प्रोग्रॅमवर सोपवा.

पाथ पूर्ण आणि बरोबर, तरीही नाही

नोंदीतला चालू फोल्डर बघा. प्रोग्रॅम आपली सेटिंगची फाइल किंवा लेटरहेडचं चित्र नुसत्या नावानं उघडत असेल, तर ते चालू फोल्डरमध्ये शोधलं जातं. शॉर्टकटमधून सुरू केलं तर तो एक असतो, डबल क्लिकनं दुसरा, टास्क शेड्युलरमधून सिस्टिम ३२. मग प्रोग्रॅम ‘फाइल नाही’ म्हणतो, आणि ग्राहकाला वाटतं त्याचा उताराच हरवला. म्हणून चूक कळवणाऱ्या संदेशात नेहमी पूर्ण पाथ दाखवा. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइली त्याच्या स्वतःच्या पाथवरून शोधा. प्रोग्रॅम एकाच खिडकीत चालणारा असेल आणि दुसऱ्यांदा उघडल्यावर पाथ पहिल्याकडे पाठवत असेल, तर पाठवण्याआधी तो पूर्ण करून घ्या, कारण दोघांचे चालू फोल्डर वेगळे असतात.

सोसायटीत सर्व्हरचं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असतं आणि प्रोग्रॅम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं चालवायची सवय लागलेली असते. ॲडमिनिस्ट्रेटरच्या सत्रात तो झेड ड्राइव्ह सहसा नसतोच, साध्या खात्यानं जोडलेले ड्राइव्ह तिथे आपोआप येत नाहीत. प्रोग्रॅम साध्या खात्यावर चालवा. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरची गरज का लागते ते शोधून काढा. बहुतेकदा तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू बघत असतो.

लांबीचंही बघा. विंडोजची जुनी मर्यादा अख्ख्या पाथला २६० आहे, आणि तिथे मोजली जातात ती युनिकोडची एककं, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नव्हेत. ‘क्षेत्र’ दिसायला दोन अक्षरं, मोजायला सात. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे असे एकात एक फोल्डर केले आणि प्रत्येकात पूर्ण नाव लिहिलं की मर्यादा लवकर येते. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती उठवता येते, पण रजिस्ट्रीतली सोय आणि प्रोग्रॅमचा मॅनिफेस्ट दोन्ही लागतात. बॅकअप लिनक्सच्या डब्यावर जात असेल, तर तिथल्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर नीट असलेली फाइल बॅकअपमध्ये मात्र गायब, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

प्रोग्रॅम ऑफिसला देण्याआधी एक तपासणीचं फोल्डर बनवून ठेवा. त्यात एक नाव दोन स्पेसचं, एक ‘ग्रा. पं.’चं, एक ‘&’चं, ‘शेतकऱ्यांची’ची दोन्ही रूपं, एक अख्खं कन्नड लिपीतलं, आणि एक खोलवरच्या फोल्डरातलं. प्रत्येक फाइल चार तऱ्हांनी उघडा: डबल क्लिक, आयकॉनवर ओढून, आतल्या खिडकीतून, आणि कमांड प्रॉम्प्टमधून. नंतर सगळ्या एकदम निवडून एंटर दाबा. तिथे प्रत्येक फाइलसाठी प्रोग्रॅम वेगळा सुरू होतो, त्याची तयारी आहे का तेही कळेल. निवडलेल्या फाइली पंधरापेक्षा जास्त झाल्या, तर उजव्या क्लिकच्या यादीतून ‘ओपन’ नाहीसं होतं. ती विंडोजची ठेवलेली मर्यादा आहे, तुमच्या प्रोग्रॅममध्ये त्याचं कारण शोधत बसू नका.